त्रेचाळीस नोंदी

टेपकाकांचं खरं नाव पगारपत्रकावर होतं आणि बहुधा तिथेच राहिलं. खात्यात लहानथोर सगळे त्यांना टेपकाकाच म्हणत. कारणं दोन. एक तर खडक मोजायची पन्नास मीटरची टेप बावीस वर्षं त्यांच्याच हातात होती. दुसरं म्हणजे, त्यांना कुठलाही आकडा सांगा, ते तो मोठ्याने परत म्हणत. हातातही टेप आणि तोंडातही टेप.

ही सवय त्यांना बाईंनी लावली. बाई म्हणजे आमच्या खात्यातल्या भूशास्त्रज्ञ. बाकीचे त्यांना मॅडम म्हणत, काका मात्र पहिल्या दिवसापासून बाई म्हणत आले. बाई खडकाच्या थरावर होकायंत्र टेकवायच्या आणि ओरडून दोन आकडे सांगायच्या: थर कुठल्या दिशेला झुकलाय आणि किती अंश झुकलाय. टेपचं दुसरं टोक धरून उभे असलेले काका तेच आकडे परत ओरडायचे. बाई "हं" म्हणायच्या आणि मगच वहीत लिहायच्या. "माझ्या डोळ्यापासून माझ्या हातापर्यंत येताना आकडा बदलतो," असं त्या मला एकदा म्हणाल्या होत्या. "काकांकडून फिरून आला की चूक कळते."

मी त्याच खात्यात नकाशे काढायचे, त्यामुळे हे आकडे शेवटी माझ्या टेबलावर यायचे. बाईंची आणि काकांची जोडी असली की मला कधी खाडाखोड करावी लागली नाही.

काकांच्या घरी या सवयीची थट्टा चालायची. काकू शाळेचे गणवेश शिवायच्या. त्यांनी मशीनवरून मान न उचलता "अर्धा किलो साखर" म्हटलं, की दारातून "अर्धा किलो साखर" असं उत्तर यायचं आणि मग चपलांचा आवाज. मुलगी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होती. ती म्हणायची, "बाबांना काही विसरायला सांगितलं, तर तेही लक्षात ठेवतील."

त्या वर्षी खात्याकडे किनाऱ्याचं काम आलं. गावाबाहेरच्या खडकाळ पट्ट्यावर तेलाच्या मोठ्या टाक्या बांधायच्या होत्या, आणि बाईंना तिथल्या खडकाबद्दल शंका होती. कड्याच्या पायथ्याशी थर सरळ चालत यायचे, मग कोपरात हात दुमडावा तसे वळायचे आणि वळणाच्या पुढे तुटायचे. तो तडा समुद्राकडे जात होता. तो जुना, मेलेला तडा आहे की अजून सरकतोय, हे पाहायचं होतं. त्यासाठी आधी किनाऱ्यावर त्याची नेमकी दिशा काढायची, मग जहाजावरून त्याच रेषेत समुद्रतळाच्या गाळात नळ्या ठोकायच्या. गाळ ताजा असतो. गाळाचे वरचे थर तुटलेले निघाले, तर तडा जिवंत.

वळणाचा खालचा भाग फक्त मोठ्या ओहोटीत उघडा पडायचा. महिन्यातून दोनदा, चार-पाच दिवस, रोज तीनेक तास. बाई शुक्रवारी आणि शनिवारी तिथे उतरल्या. पहिल्या दिवशी बावीस नोंदी झाल्या, दुसऱ्या दिवशी एकवीस. वहीची पक्की नक्कल त्या रविवारी करायच्या. ती झाली नाही.

शनिवारी वारा सुटला होता. बाई पाण्याच्या कडेला, काका तीस मीटर मागे, टेपचं टोक एका खुणेवर धरून. ते टोक हललं तर सगळी रेषा चुकते, म्हणून काका जागचे हलत नसत. पाणी फिरल्याचं त्यांना दिसलं. त्यांनी हाक मारली, "बाई, पाणी फिरलं."

बाई म्हणाल्या, "दोनच राहिलेत."

त्यानंतर एक नोंद झाली. काकांनी ती परत म्हटली. मग बाजूच्या खाचेतून लाट आली. ती फार उंच नव्हती. टेप एकदम ताणली गेली, आणि मग सैल झाली.

बाई दुसऱ्या दिवशी सकाळी मासेमारीच्या एका होडीला सापडल्या. होकायंत्र गळ्यात दोरीला तसंच होतं. वही सापडली नाही.

शनिवारी संध्याकाळी पोलिसांनी घरी सोडल्यावर काकांनी काय केलं, ते काकूंनी मला पुढे सांगितलं. ते न्हाणीघरात गेले, टेप पूर्ण उलगडली, गोड्या पाण्याने धुतली, फडक्याने पुसत पुसत गुंडाळली आणि तिला तेलाचं बोट लावलं. खाऱ्या पाण्याने पोलादाला गंज चढतो, म्हणून किनाऱ्यावरून आलं की ते नेहमीच हे करायचे. काकू दारात उभ्या होत्या. "जेवता का?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "वाढ." आणि जेवले.

चौकशीला तीन अधिकारी बसले. लांब टेबल, पाण्याचे तीन ग्लास, आणि टेबलाच्या या बाजूला एक खुर्ची.

"तुम्ही हाक मारलीत?"

"मारली."

"किती वेळा?"

"एकदा."

"एकदाच?"

"एकदाच. बाईंना दोनदा सांगावं लागत नसे."

"त्या काय म्हणाल्या?"

"दोनच राहिलेत."

"मग तुम्ही काय केलंत?"

"टेप धरून उभा राहिलो."

अहवाल तीन आठवड्यांत आला. 'मदतनिसाने इशारा देऊनही वैज्ञानिकाने दुर्लक्ष केले,' असं त्यात लिहिलं होतं. त्याची एक प्रत बाईंच्या वडिलांना पाठवली गेली. काकांवर ठपका आला नाही. सहकाऱ्यांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवले, कुणीतरी चहा सांगितला. काका चहा प्यायले.

ते रोज वेळेवर येत होते. उपकरणांच्या खोलीतल्या बाकावर बसायचे, गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवून. काम सांगितलं की करायचे. बदल एवढाच होता की आकडे परत म्हणणं बंद झालं. मी म्हणायचे, "काका, सात नंबरची पेटी आणता?" ते उठून सात नंबरची पेटी आणायचे, गुपचूप. घरीही तेच. काकू "पाव किलो डाळ" म्हणाल्या की चपला निघून जायच्या, आवाज यायचा नाही. मुलीने दोन-तीनदा मुद्दाम त्यांच्यासमोर आकडे काढून पाहिले. मग तिनेही सोडून दिलं.

एकदा काकूंचा बांध फुटला. "रडा तरी एकदा," त्या म्हणाल्या. "दगडांत राहून दगड झालात तुम्ही."

काका थोडा वेळ विचार करून म्हणाले, "येत नाहीये."

काकूंना बोलल्याचा पश्चात्ताप झाला. त्यांनी पुन्हा तो विषय काढला नाही.

बाईंचं अर्धवट काम एका नव्या माणसाकडे आलं. वय तिशीच्या आत, चष्म्याच्या काचा जाड, पीएचडी झालेली. म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत. पहिल्याच आठवड्यात हिशेबाच्या खोलीतला एक कारकून त्याच्याकडे खोकल्याचं औषध मागायला गेला होता, आणि या भल्या माणसाने त्याला गुळण्या करायला सांगितल्या. स्वभावाने तसाच होता, कुणाला नाही म्हणता येत नसे.

तो महिनाभर काकांना टाळत राहिला. शेवटी एका दुपारी त्यांना माझ्या खोलीत घेऊन आला, कारण टेबल मोठं माझ्याकडेच होतं.

"काका, रागावू नका," तो म्हणाला. "त्या शेवटच्या दोन दिवसांतलं तुम्हाला काही आठवतं का? एखादी नोंद, अंदाजे का होईना."

"सगळं," काका म्हणाले.

"सगळं म्हणजे?"

"त्रेचाळीस."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. मी पेन्सिल घेतली. काका समोरच्या भिंतीकडे बघत सांगू लागले. नोंद पहिली, खुणेपासून इतके मीटर, दिशा अमुक, कल तमुक. नोंद दुसरी. आवाजात चढ नाही, उतार नाही. वाण्याकडची यादी वाचताना माणूस याहून जास्त रंगतो. अकरा मिनिटं लागली. शेवटची नोंद सांगून झाल्यावर ते थांबले आणि म्हणाले, "झालं."

मी त्याच संध्याकाळी आकडे कागदावर बसवले. प्रत्येक नोंदीची एक छोटी रेघ, तिला काटकोनात आणखी छोटी रेघ, शेजारी अंश. रेघा आधी समांतर चालल्या, मग हळूहळू वळल्या आणि एका ठिकाणी तुटल्या. फक्त एकोणचाळिसाव्या नोंदीचा कल जरा उभट वाटत होता. पण खडकात असे अपवाद असतात, म्हणून मी तशीच ठेवली.

"खात्री करून घ्यावी लागेल," डॉक्टर म्हणाला. "माझा विश्वास आहे काका, पण माणसाच्या आठवणीवर नकाशा छापता येत नाही."

"करा की खात्री," काका म्हणाले.

पुढच्या मोठ्या ओहोटीला ते किनाऱ्यावर गेले. आता नियम बदलले होते. दोन माणसं नुसती पाण्यावर नजर ठेवायला, कमरेला दोर, गळ्यात शिट्टी. मीही गेले होते, कागद घेऊन. काका कसे वागतील याची आम्हा सगळ्यांना धास्ती होती, पण ते सरळ आपल्या खुणेवर जाऊन टेपचं टोक धरून उभे राहिले.

डॉक्टरने त्रेचाळिसांतल्या दहा नोंदी तपासायला घेतल्या. नऊ जुळल्या, फार तर दोन अंशांचा फरक. दहावी होती एकोणचाळिसावी. काकांनी कल सत्तावन्न सांगितला होता. डॉक्टरने तीनदा होकायंत्र टेकवलं आणि तिन्ही वेळा सत्तावीस आलं.

तो मागे येऊन म्हणाला, "काका, इथे सत्तावीस आहे."

"बाई सत्तावन्न म्हणाल्या."

"ऐकण्यात चूक झाली असेल. काही बिघडत नाही, एकच आहे."

"एक मिनिट," काका म्हणाले. "तुम्ही परत तिथे जा. तिथून म्हणा, जसं त्या म्हणायच्या तसं."

डॉक्टर परत पाण्याच्या कडेला गेला. त्या दिवशीही वारा होता, समुद्राकडून तिरका येणारा. तो ओरडला, "सत्तावीस."

मी काकांच्या शेजारीच होते. मला 'सत्ता' ऐकू आलं. पुढचं वाऱ्याने नेलं.

काकांनी त्याला आणखी दोनदा म्हणायला लावलं. मग त्यांनी टेपचं टोक खाली ठेवलं. बावीस वर्षांत बहुधा पहिल्यांदाच त्यांनी ते मोजणी चालू असताना सोडलं. आणि ते तिथेच ओल्या खडकावर बसले.

"मी सत्तावन्न असं परत म्हटलं होतं," ते म्हणाले. "चूक होती तर बाईंनी तिथेच टोकायला हवं होतं. त्या टोकल्याशिवाय राहायच्या नाहीत."

डॉक्टर पाण्याच्या कडेवरून परत आला.

"त्यांनी 'हं' म्हटलं नव्हतं. एकोणचाळीसला नाही, चाळीसला नाही, त्याच्या पुढे नाहीच. मला वाटलं, वाऱ्यात मला ऐकू येत नसेल." त्यांनी पाण्याच्या कडेकडे बोट केलं. "त्यांचं मला येत होतं, निदान अर्धं तरी. माझं त्यांना जात नव्हतं."

मग जे राहिलं होतं तेही ते बोलले. 'दोनच राहिलेत' हे त्यांच्या हाकेचं उत्तर होतं, असं ते धरून चालले होते, चौकशीतही तसंच सांगितलं होतं. पण दोन नोंदी राहिल्या होत्या, हे बाई आपणहूनही म्हणाल्या असतील. हाक कदाचित पोचलीच नसेल.

डॉक्टरने त्यांना पाणी दिलं. काकांच्या चेहऱ्यावर काही नव्हतं. पाणी पिऊन ते उठले आणि म्हणाले, "मला जबाब बदलायचाय."

ते सोपं नव्हतं. चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने त्यांना बसवून समजावलं. "फाइल बंद झालीय. आणि हे तुमच्यावरच उलटेल. दुसऱ्यांदा हाक का नाही मारली, पुढे का नाही गेलात, सगळं नव्याने निघेल. हात दाखवून अवलक्षण कशाला करून घेता?"

"बाईंच्या नावावर दुर्लक्ष लिहिलंय," काका म्हणाले. "ते मला ठाऊक नाही. तुम्हालाही ठाऊक नाही."

"त्यांना आता काय फरक पडणार?"

काका उठले. ते घरी गेले आणि तीन दिवसांनी परत आले. पुन्हा आले. चौथ्या खेपेला लेखी अर्ज घेऊन आले. तो मी टाइप करून दिला होता, साडेचार ओळींचा. मी एके ठिकाणी 'नम्र विनंती' घातलं, ते त्यांनी काढायला लावलं नाही, एवढीच माझी भर.

अखेर अहवालाला एक पान जोडलं गेलं: 'इशारा वैज्ञानिकापर्यंत पोचला किंवा कसे, हे निश्चित सांगता येत नाही.' त्याचीही प्रत बाईंच्या वडिलांना गेली. काकांना ताकीद मिळाली, आणि त्यांना बाहेरच्या कामावरून काढून गाळाच्या शीतगृहात टाकलं. काकू तापल्या. "खरं बोलायचं बक्षीस," त्या म्हणाल्या. काकांनी खांदे उडवले.

मला विचाराल तर ती जागा तेव्हा त्यांना मानवली. चार अंशांवर ठेवलेली लांब खोली, दोन्ही बाजूंना मांडण्या, मांडण्यांवर समुद्रतळातून आणलेल्या गाळाच्या नळ्या, प्रत्येकीवर चिठ्ठी. आत जाताना जाड कोट घालायचा, बाहेर येताना काढायचा. कुणी गप्पा मारायला तिथे थांबत नाही. थंडीत सगळ्यांचेच चेहरे आखडलेले असतात, तिथे त्यांना कुणी तोंड पाहून काही विचारत नसे.

पाच महिन्यांनी डॉक्टर जहाजावरून परतला. काकांच्या नोंदींनी दिलेल्या रेषेवर त्याने सहा नळ्या घेतल्या होत्या. त्या उभ्या चिरताना काकाच हजर होते. आधी प्लॅस्टिकची नळी दोन्ही बाजूंनी कापायची, मग बारीक तार आतल्या गाळातून ओढायची. डॉक्टर तार ओढायचा आणि काका दोन अर्धी अलगद बाजूला करायचे. पहिल्या तीन नळ्यांत राखाडी, एकसारखा गाळ निघाला. चौथीत थर तुटले होते. एक काळी पट्टी सरळ येऊन थांबत होती आणि चार बोटं खाली पुन्हा सुरू होत होती. अगदी वरच्या, कालपरवाच्या गाळापर्यंत.

"जिवंत आहे," डॉक्टर म्हणाला. त्याच्या चष्म्यावर वाफ आली होती. "काका, बघताय ना?"

"बघतोय," काका म्हणाले, आणि ओल्या फडक्याने नळीची कड पुसायला लागले.

टाक्यांची जागा बदलली. कागदोपत्री त्याला वर्ष लागलं, पण बदलली. नकाशा छापून आला. त्यावर पहिलं नाव बाईंचं, दुसरं डॉक्टरचं. खाली लहान अक्षरांत 'क्षेत्रीय नोंदी' म्हणून काकांचं पूर्ण नाव होतं, जे आमच्यातल्या निम्म्यांनी तिथेच पहिल्यांदा वाचलं. एकोणचाळिसावी नोंद मी सत्तावीसने दाखवली.

एक प्रत बाईंच्या वडिलांना पाठवायची ठरली. काका म्हणाले, "पोस्टाने नको. मी नेतो."

वडील ऐंशीच्या पुढचे, एकटे राहत. आयुष्यभर चष्म्याचं दुकान चालवलेलं. आता दुकान नव्हतं, पण पुढच्या खोलीत काचांचे खण होते आणि खिडकीशी हत्यारांचं लहान टेबल. त्यांनी काकांना बसवलं, पाणी दिलं, आणि नकाशा उलगडायच्या आधीच विचारलं, "तो कागद तुम्ही बदलून घेतलात?"

"हो."

"का?"

"आधीचं खरं नव्हतं. म्हणजे, खरं काय ते माहीत नाही. तेवढंच खरं होतं."

म्हातारबांनी मान हलवली. "तुम्हाला खरं सांगू का? पहिलं पत्र आलं तेव्हा मला पटलं होतं. लहानपणी जेवायला हाक मारली की 'आले आले' म्हणायची आणि यायची नाही. म्हटलं, तसंच झालं असणार. मला तिचा राग यायचा. राग आला की दिवस जायचा. तुमचं दुसरं पत्र आलं आणि तोही गेला."

काकांनी नकाशाची गुंडाळी टेबलावर ठेवली. मग म्हणाले, "चुकलो का मी?"

"नाही. बरोबरच केलंत. पण बरं नाही वाटलं, एवढं सांगतो."

"मलाही नाही वाटलं," काका म्हणाले.

मग दोघांनी नकाशा टेबलावर पसरला. म्हातारबांनी भिंग घेतलं आणि एकेक रेघ बघितली. काकांनी प्रत्येक रेघेपाशी कुठला खडक, तिथे उभं राहायला जागा कशी होती, बाई कुठे घसरल्या होत्या आणि हसल्या होत्या, ते सांगितलं. त्यात तासभर गेला. बाई गेल्यापासून ते इतकं सलग बोलले नव्हते.

निघायला उठले तेव्हा म्हातारबांनी त्यांच्याकडे निरखून पाहिलं. "तुमचा चष्मा वाकडा बसलाय. द्या इकडे."

काकांनी चष्मा काढून दिला. त्यांना आता खिडकी म्हणजे नुसता उजेड दिसत होता, आणि त्या उजेडात वाकलेलं डोकं. बारीक पेचकस शोधायलाच पाच मिनिटं गेली. म्हातारबांच्या हातून स्क्रू दोनदा खाली पडला, दोन्ही वेळा त्यांनी तो स्वतःच चाचपून उचलला. काका मदतीला वाकले नाहीत. नुसते बसून राहिले. साडेचारची बस गेली.

"घाला," म्हातारबा शेवटी म्हणाले. "कानामागे टोचतंय?"

"नाही."

"मान हलवून बघा."

काकांनी मान हलवली. चष्मा जागच्या जागी राहिला. त्यांनी नकाशाची गुंडाळी करून कपाटावर ठेवून दिली, नमस्कार केला, आणि सहाच्या बसने घरी आले.